शेजारचा मणका

डॉक्टरांनी मला सरळ मराठीत एक सरळ प्रश्न विचारला होता : "यांना आधीपासून कुठलं औषध चालू आहे का?" आणि मी, म्हणजे शाळेत आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवणारा आणि दर वर्षी आरोग्याच्या धड्यावर घसा कोरडा करणारा मास्तर, छाती पुढं काढून म्हणालो होतो, "छे छे! कसलंच नाही. चहा सोडला तर या माणसाला कसली सवय नाही." डॉक्टरांनी फॉर्मवरच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. उत्तर चुकीचं होतं. चुकीची उत्तरं मी आयुष्यात बरीच दिली आहेत, काही तर फळ्यावर खडूनं लिहून दिली आहेत आणि मुलांनी ती मुकाट वहीत उतरून घेतली आहेत. ती सगळी डस्टरनं पुसली गेली. हे एक राहिलं. पण त्याकडं येण्याआधी ज्यांच्याबद्दल ते दिलं त्या मामांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर मी काय घालवलं ते कळायचं नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. धंद्यानं गवंडी, राहायला उचगावात, घरात एकटे. या माणसानं उभ्या जन्मात जगातल्या कुठल्याही उभ्या वस्तूवर तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. भिंत दिसली की ते आधी बोटाच्या पेरानं ठोकून बघायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे, आणि मगच तिच्याशेजारून जायचे. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची पंगत वाढून झालेली असायची, सगळे हात धुऊन बसलेले असायचे, आणि मामा मात्र भिंतीभिंतीनं ठोकत निघालेले. "हितं बसू नगा, हितं गिलावा पोकळ वाजतोय," असं म्हणून त्यांनी एकदा नवऱ्यामुलाच्या आत्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. आत्या रुसली ती मांडवपरतणीपर्यंत. मामांना त्याचं काही नव्हतं. "रुसली तर रुसू दे की. जिती हाय न्हवं?"

त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक ओळंबा असायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळेचं वजन. भिंत सरळ आहे का तिरकी ते त्यावरून कळतं. मामांचा ओळंबा भिंतीपुरता नव्हता. मी बायकोला बघायला गेलो तेव्हा पोहे आले, चहा आला, मुलगी आली, आणि त्यानंतर मामा आले. त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "पावणं, जरा उभं ऱ्हावा की," म्हणाले. मला वाटलं उंची बघतायत. मी उभा राहिलो. त्यांनी खिशातून ओळंबा काढला, माझ्या कानाच्या पाळीशी दोरी धरली आणि वजन खाली सोडलं. सगळी बैठक श्वास रोखून त्या पितळेकडं बघत होती. ते हेलकावे घेऊन थांबलं तेव्हा मामा म्हणाले, "डाव्या अंगाला कलतंय जरा. पर पाया बरा वाटतोय. द्या पोरगी." नव्वद-एक्याण्णव सालातली ही गोष्ट. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पावणं' झालो तो शेवटपर्यंत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

उचगावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र एका बाजूनं गिलावा नव्हता. तीस वर्षं ती भिंत उघडी होती आणि तिच्यातून एक भेग वरपासून खाली गेलेली होती. भेगेवर आडवी एक काचेची पट्टी दोन्हीकडून चिकटवलेली. पहिल्यांदा मी ती बघितली तेव्हा मला वाटलं, फोटोफ्रेमचा तुकडा असेल. मामांनी मला धडा दिला. "भेग जिती हाय का मेलीया, ते डोळ्यानं कळत न्हाय, पावणं. तिच्यावर काच लावायची. भेग वाढाय लागली की काच फुटती. फुटली न्हाय तर समजायचं, भेग मेली. मग गिलावा करायचा." मी म्हणालो, "मामा, काच तर अख्खी आहे. तीस वर्षं झाली." त्यावर ते म्हणाले, "गडबड कशाला? भित अजून बसतीया."

आमच्या शाहूपुरीतल्या घरासमोर त्यांनी एक कट्टा बांधून दिला. मी म्हणालो होतो, चांगला चौघं बसतील एवढा करा. त्यांनी बरोबर दोघांपुरता बांधला. "दोघांच्या वर माणूस बसलं की बोलणं ऱ्हातंय बाजूला, भाषणं सुरू व्हत्यात," असं त्याचं कारण. कट्टा झाल्यावर एकवीस दिवस ते रोज सकाळी उचगावाहून सायकलवरून यायचे, त्याच्यावर पाणी मारायचे आणि जायचे. मी म्हणालो, पाणी मी मारतो. त्यांनी माझ्याकडं, डावीकडं कललेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

सायकलवर यायचे, कारण बसमध्ये ते बसत नसत. रिक्षातही नाही. "ज्याला पाया न्हाय त्यात मी बसत न्हाय," हा त्यांचा नियम. सायकलला कुठं पाया आहे, असं मी एकदा विचारलं. "तिला माझं पाय हायत की," म्हणाले. या उत्तरात काहीतरी चूक होती, पण मला ती आजवर सापडलेली नाही.

तर या नियमामुळंच पुडी माझ्या गळ्यात पडली.

मामांना दमा होता. चाळीस वर्षं चुना आणि सिमेंटची धूळ छातीत गेल्यावर दुसरं काय होणार? थंडी पडली की ते बाजेवर बसून राहायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून, आणि छातीतून शिट्ट्या वाजायच्या. कुणीतरी सांगितलं, कागलच्या पुढं एका खेड्यात एक बाबा दम्याची पुडी देतात. कागदाच्या पुडीत चिमूटभर राखाडी पूड आणि छोट्या पांढऱ्या गोळ्या. मामा एकदा सायकल मारत गेले. पुडी घेतली आणि तासाभरात छाती मोकळी झाली. देवमाणूस आहे म्हणाले. पण दम्याच्या माणसाला तेवढं अंतर सायकलनं कसं झेपणार, आणि बसला तर पाया नाही. तेव्हा बायको मला म्हणाली, "तुम्ही जाऊन याल का? रविवारी तुम्हाला काय काम असतं?" मला खरोखरच काही काम नसायचं. महिन्यातून एका रविवारी मी कागलची बस धरायचो, बाबाच्या दारातल्या रांगेत उभा राहायचो आणि पुड्यांचं पुडकं घेऊन उचगावात उतरायचो. दहा वर्षं. विज्ञानाच्या मास्तरानं त्या पांढऱ्या गोळ्या एकदाही हातात घेऊन, या कसल्या आहेत, असं विचारलं नाही. मामांचा चेहरा हळूहळू गोल झाला. आम्ही म्हणालो, तब्येत सुधारली. दंडावर जरा काही लागलं की जांभळे डाग पडायला लागले. आम्ही म्हणालो, म्हातारपण. आणि पुडीला औषध कोण म्हणतं? औषध म्हणजे मेडिकलमधून आणतात ते, ज्याच्या बाटलीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. पुडी म्हणजे झाडपाला. आमच्याकडं शिकली-सवरलेली माणसंसुद्धा डॉक्टरला औषध सांगतात आणि पुडी खिशात ठेवतात.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात मामांनी अंगणातली एक बादली उचलली. रिकामी बादली. पाठीत कट् असं वाजलं आणि ते तिथंच खाली बसले. पुढचे पाच आठवडे त्यांना कुशीवर वळता येईना. जो माणूस माथ्यावर घमेली घेऊन तीन-तीन मजले चढायचा, तो पाणी पिताना मान उचलायची म्हणून रडायचा. रडायचा म्हणजे डोळ्यांतून पाणी यायचं. तोंडानं तो त्या बादलीला शिव्या देत असायचा. शेवटी त्यांना फळीवर निजवून गाडीत घातलं. नियम मोडला म्हणून ते वाटभर डोळे मिटून होते.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. पाठीचा एक मणका, वर बसल्यावर पुठ्ठ्याचं खोकं चेपावं तसा पुढून चेपला होता. हाडं विरळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, "बाहेरून सुई घालून या मणक्यात सिमेंट भरता येईल. मग मणका घट्ट होतो, दुखणं थांबतं."

पाच आठवडे विव्हळणारे मामा त्या एका शब्दानं ताजेतवाने झाले. "सिमीट? कंच्या कंपनीचं?"

डॉक्टर हसले. हे तुमचं नव्हे आजोबा, हाडांचं वेगळं असतं, म्हणाले.

"आन् पाणी किती दिवस मारायचं?"

"पाणी लागत नाही. दहा मिनिटांत घट्ट होतं."

मामा माझ्याकडं वळले. "पावणं, धा मिनिटांत वाळतंय ते सिमीट न्हवं. ह्येंला कुणीतरी फसवलंय." मग थोडा वेळ छताकडं बघत पडले आणि अचानक एकदम हळू आवाजात त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, शेजारच्या मणक्याचं काय?"

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मामा सांगत होते, "जुनी मातीची भित असती. मधी भगदाड पडतंय. शिकलेला गवंडी येतो आन् त्यात सिमीट ठोकतो. ते ऱ्हातंय टणक. पर भोवतीची माती मऊच हाय न्हवं? दोन वर्सांत त्या सिमिटाच्या कडंनं नवी भेग पडती. ठिगाळ ऱ्हातंय, भित जाती. मी लई बघितल्यात."

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. आजवर एकाही पेशंटनं हे विचारलं नाही, म्हणाले. भीती हीच असते. ज्यांची हाडं फार विरळ, ज्यांचे आधीच मणके चेपलेले, ज्यांनी बरे झाल्या झाल्या वाकायला-उचलायला सुरुवात केली, त्यांचा शेजारचा मणका मोडू शकतो. सिमेंट बाहेर, मणक्यांमधल्या गादीत झिरपलं तरी मोडू शकतो. "आणि काही औषधांनी हाडं आतून पोखरली जातात," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघून तो प्रश्न विचारला. बायको खाली फॉर्म आणायला गेली होती. मामा एक्स-रेकडं बघत होते. मी छाती पुढं काढली.

म्हणताना मला पुडी आठवली नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं आहे. खरं असं आहे की पुसटशी आठवली होती. पण इतक्या हुशार डॉक्टरांसमोर, विज्ञानाच्या मास्तरानं, आम्ही खेड्यातल्या बाबाची पुडी आणतो असं सांगायचं? मला लाज वाटली. बस्स, एवढंच. दहा सेकंदांची लाज.

ऑपरेशन झालं. मामा पालथे पडले होते, पाठ तेवढी बधिर केलेली, आणि तोंड चालू. "माल किती पातळ ठिवलाय?" असं त्यांनी विचारल्याचं नर्सनं नंतर हसत हसत सांगितलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, टूथपेस्टएवढा. "लई पातळ नको. गळंल." दुसऱ्या दिवशी ते उठून बसले. तिसऱ्या दिवशी चालले. बायकोनं तिथंच दाराआड तोंड फिरवून डोळे पुसले. नवा एक्स-रे आला तेव्हा मामांनी तो डॉक्टरांच्या आधी बघितला. मणक्यात पांढराशुभ्र गोळा होता आणि त्याच्याखाली, गादीच्या जागेत, ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा थेंब. "हितं माल गळलाय," मामा म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. ते लपवाछपवी करणारे नव्हते. लक्ष ठेवू, म्हणाले. मामांनी विचारलं, त्याच्यावर काच लावता येती का? डॉक्टरांना काचेचा अर्थ समजावून सांगावा लागला. तो कळल्यावर ते म्हणाले, "दर महिन्याला एक्स-रे काढू. तीच तुमची काच."

त्यानंतर मामांसारखा शहाणा पेशंट कोल्हापुरात झाला नसेल. कमरेचा पट्टा त्यांनी आंघोळीपुरता सोडला. वाकायचं नाही म्हटल्यावर खाली पडलेली काडीसुद्धा उचलली नाही. ओसरीवर पडलेली काड्यापेटी आठवडाभर तशीच होती, कोण येईल तो तिला ओलांडून जायचा. हाडांसाठी आठवड्याला एक गोळी होती. ती उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसून राहायचं. मामा समोरच्या खुंटीला ओळंबा टांगायचे आणि त्याच्याकडं बघत, त्याच्यासारखे ताठ, अर्धा तास बसायचे. आणि तासातासाला तांब्याभर पाणी प्यायचे. मी विचारलं, एवढं पाणी कशाला? "आतनं पाणी मारतोय," म्हणाले. "ते म्हणंनात धा मिनिटं. आपण एकवीस दिस मारायचं."

चौथ्या आठवड्यात हवा बदलली आणि छातीत शिट्टी वाजली. पुड्या संपल्या होत्या. रविवारी मी कागलची बस धरली.

सातव्या आठवड्यात मामांना खोकल्याची उबळ आली. बाजेवर बसून, पट्टा बांधून, ताठ. पुन्हा कट् वाजलं. शेजारी राहणाऱ्यानं आमच्याकडं फोन केला आणि आम्ही उचगावात पोचेपर्यंत सगळ्या भावकीनं ठरवून टाकलं होतं की म्हातारा गुपचूप कुठल्यातरी बांधकामावर जाऊन आलाय. मी तर सगळ्यांत पुढं.

"मामा, खरं सांगा, कुठल्या साईटवर गेला होता?"

"कुटंच न्हाय, पावणं."

"मग मोडला कसा?"

"त्येला इचारा की. मला काय म्हाईत?"

"शपथ घ्या."

त्यांनी पडल्या पडल्या हात लांब केला आणि खुंटीवरच्या ओळंब्याला बोट लावलं. तरी मी थांबलो नाही. उभ्यानं वीस मिनिटं शिस्तीवर बोललो. डॉक्टरांनी एवढं सांगूनसुद्धा, आम्ही एवढं करूनसुद्धा, तुमच्यामुळं, तुमच्या हट्टामुळं. बायको म्हणाली, "पुरे करा की आता." मामा माझं सगळं ऐकून घेत होते. मध्येच त्यांना खोकला यायचा आणि ते तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबून तो दाबायचे, कारण खोकलं की पाठीतून कळ यायची. माझं भाषण अडू नये म्हणून ते खोकला दाबतायत असं मला तेव्हा वाटलं होतं. इतका मी हुशार.

पुन्हा दवाखाना. पुन्हा तेच टेबल, तोच उजेड. खालचा मणका, तो थेंब ज्याच्या डोक्यावर होता तोच, चेपला होता. या वेळी बायकोही खोलीत होती. डॉक्टरांनी मामांचा गोल चेहरा बघितला, दंडावरचे जांभळे डाग बघितले, आणि औषधाचं न विचारता वेगळंच विचारलं. "आजोबा, खोकला कसला? दमा आहे? मग दम्याला काय घेता?"

"औषध न्हाय काय. पुडी घेतो." मामांनी निष्पापपणे बंडीच्या खिशात हात घातला आणि ओळंब्याच्या दोरीत अडकलेली पुडी सोडवून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उघडली. पांढरी गोळी बोटावर घेऊन उजेडाकडं धरली. मग म्हणाले, "स्टेरॉइड दिसतंय. याच गोळ्यांनी चेहरा असा गोल होतो, डाग पडतात, हाडं ठिसूळ होतात. किती वर्षं घेताय?"

"धा वर्सं झाली आसतील."

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "कोण आणून देतं या?"

डोक्यावर पंखा फिरत होता. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागली. मी एक्स-रेकडं. त्यातल्या सगळ्या मणक्यांना जणू तोंडं फुटून ते माझ्याकडं बघत होते. उत्तर साधं होतं, एका शब्दाचं, आणि या वेळी ते मला चांगलं येत होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

"मीच जातो की," मामा म्हणाले. "बसनं."

आयुष्यात एकदाही बसमध्ये न बसलेला माणूस इतक्या सहज हे म्हणाला की डॉक्टरांना संशय यायचं कारणच नव्हतं. "आन् तवा इचारलं व्हतं ते मीच सांगिटलं न्हाय. म्हातारं माणूस, इसरलं." डॉक्टरांनी पेन काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर कागदावर लिहिलं : पेशंटनं आधीच्या गोळ्यांची माहिती दिली नव्हती. सुंदर अक्षर होतं त्यांचं. माझं उत्तर मामांच्या नावावर चढलं.

मी शेवटी एवढंच विचारलं, की आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, गोळ्या हळूहळू कमी केल्या असत्या, दम्याचं दुसरं औषध दिलं असतं, हाडांकडं आधी बघितलं असतं. "पण वय आहे, हाडं मुळात विरळ, तो थेंबही आहे. कदाचित तरीही मोडला असता. कशानं मोडला ते नक्की कुणालाच सांगता येणार नाही." मला त्यातल्या 'कदाचित'नं आधार द्यायला हवा होता. दिला नाही. त्याच्याखाली मला पाया सापडेना.

उचगावात त्यांना बाजेवर निजवल्यावर बायको चहा टाकायला आत गेली. मी म्हणालो, "मामा, तुम्ही कशाला..." त्यांनी हातानंच थांबवलं. "गप बसा, पावणं. जुन्या भितीवर एक रेघ जास्त. कोण मोजतंय?"

दुसऱ्यांदा सिमेंट त्यांनी भरून घेतलं नाही. "आता खालच्याच्या खालच्याला कशाला तरास?" म्हणाले. दम्याचा ओढायचा पंप आला, गोळ्या कमी झाल्या, तरी दोन वर्षांत आणखी दोन मणके बसले, एक शिंकताना, एक नुसताच. मामांच्या घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर दिवाळीला ते माझ्या मुलीची उंची तिथं मांडायचे, आणि गंमत म्हणून शेजारी स्वतःचीही. मुलीच्या रेघा वर चढत गेलेल्या, मामांच्या बरीच वर्षं एकाच जागी आणि मग एकेक बोट खाली उतरत आलेल्या. एका दिवाळीला दोघांची रेघ एक झाली. मुलगी टाळ्या वाजवत नाचली. मामाही हसले, आणि चौकटीला धरून हळूहळू खाली बसले. ओळंबा तेव्हाही खिशात होता, पण स्वतःच्या कानाशी त्यांनी तो कधी धरला नाही. रस्त्यानं चालताना त्यांना आता फक्त पायाखालची जमीन दिसायची. "बरं हाय की," म्हणाले, "भिती वाकड्या हायत का सरळ, त्याची काळजी मिटली."

त्यापुढच्या थंडीत मामा गेले. दम्यानंच गेले, बाजेवर बसून, हात गुडघ्यांवर रोवून. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही घराला कुलूप लावायला गेलो. भिंतीवरची काच अख्खी होती. मी तिच्यावरची धूळ पुसली आणि का कोण जाणे, बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघितली. पोकळ नव्हती.

परत आल्यावर संध्याकाळी मी आमच्या कट्ट्यावर येऊन बसलो. दोघांच्या कट्ट्यावर एकटाच, मधोमध. ओळंबा माझ्या हातात होता. बायको हातातल्या परातीत मेथी निवडत दारात उभी होती. तिच्याकडं न बघता मी सांगून टाकलं. की पहिल्या दिवशी ती फॉर्म आणायला खाली गेली होती तेव्हा डॉक्टरांनी मलाच विचारलं होतं, मामांना नाही. की मला पुडी आठवली होती. की मी लाजेनं नाही म्हणालो. की पुढं एवढं सगळं होऊनही मी पुन्हा गप्प बसलो आणि मामांना खोटं बोलू दिलं. मी बोलायचा थांबलो. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. तिनं परात उंबऱ्यावर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दर महिन्याला कागलला तुम्हाला कोण पाठवत होतं?" ती म्हणाली. "मामा बसनं जातो म्हणाले तेव्हा त्या खोलीत मीबी होते की. एकट्यानंच काय धरून बसलाय? सरका जरा तिकडं, मला बसू द्या."